राख, दात आणि दप्तर : प्लेगचा जंतू डीएनएवरून कसा ओळखतात, आणि शिरोळच्या मृतांविषयी तो काय सांगू शकतो?

(१)
शिरोळ म्हटले की कृष्णा-पंचगंगेचा संगम, नृसिंहवाडी, खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आणि उसाचे फड आठवतात. प्लेग सहसा आठवत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईहून निघालेली प्लेगची साथ सातारा, बेळगाव, धारवाड आणि कोल्हापूर संस्थान अशा सलग प्रदेशात पसरली. शिरोळ हा त्या वेळी कोल्हापूर संस्थानाचा एक पेटा होता आणि या प्रदेशाच्या मधोमध होता. सव्वाशे वर्षांपूर्वी येथील माणसे ज्याला ‘गाठीचा ताप’ म्हणत, तो खरोखर प्लेगच होता का? आणि आज डीएनए तपासून ते सिद्ध करता येईल का? हा धागा याच दोन प्रश्नांचा.

(२)
प्रथम मुंबई. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी आपल्या रुग्णांत प्लेगची लक्षणे ओळखली. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर यर्सिन यांना प्लेगचा जंतू सापडला होता. पुढे त्यांच्याच नावावरून तो ‘यर्सिनिया पेस्टिस’ म्हणून ओळखला जाऊ लागला. म्हणजे मुंबईत साथ आली तेव्हा शत्रूचा चेहरा माहीत होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्याचा प्रसार कसा होतो, हे मात्र अजून कोडेच होते. उंदरावरील पिसू हा दुवा पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवला आणि तो सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली.

(३)
त्या काळी जंतू ओळखण्याची रीत अशी होती : रुग्णाच्या जांघेतील किंवा काखेतील गाठीत सुई घालून द्रव काढायचा, तो काचेच्या पट्टीवर पसरायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. प्लेगचा जंतू दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिकट दिसतो. मग तो प्रयोगशाळेत वाढवून पाहायचा. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून हा जंतू वाढवला. त्या थेंबांखाली जंतूंची वाढ गुहेच्या छतावरून उतरणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखी लोंबत असे. याच वाढीतून त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

(४)
या रीतीला तीन गोष्टी अनिवार्य होत्या : जिवंत जंतू, प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित डोळा. खेड्यापाड्यांत यांतील एकही गोष्ट नव्हती. तेथे रोगाचे निदान दोघे करीत. एक सरकार आणि दुसरे गाव.

(५)
सरकारचे निदान हे सत्तेचे निदान होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. एखाद्या घरावर ‘प्लेग’ हे नाव पडले की रुग्णाला इस्पितळात, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत आणि सामानाला आगीत जावे लागे. पुण्यात गोऱ्या सैनिकांनी घरोघर घेतलेल्या झडत्यांचा शेवट २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्यांत झाला. त्याच साथीत रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. ‘हा प्लेग आहे’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर त्या वर्षी रक्त सांडले. म्हणूनच असंख्य घरांनी गाठ लपवली, आजार लपवला आणि मृत्यूही लपवले.

(६)
गावाचे निदान निराळे होते. त्याला सूक्ष्मदर्शक लागत नसे. आढ्यावरून, कणगीमागून उंदीर मरून पडू लागले की जाणती माणसे समजून जात. ‘उंदीर पडले’ एवढे दोन शब्द पुरेसे असत. गाव घरांना कुलपे घालून माळावर झोपड्यांत राहायला जाई आणि साथ ओसरल्यावर परते. मरीआईला साकडे घातले जाई, तिचा गाडा शिवेबाहेर नेला जाई. पिसवांचे शास्त्र ठाऊक नसतानाही उंदरांपासून दूर जाण्याचा हा उपाय योग्य होता. सरकारी छावणी आणि माळावरची झोपडी यांत मूळ कल्पना एकच. फरक होता तो सक्तीचा.

(७)
कोल्हापूर संस्थानात १८९४ पासून राजर्षी शाहू छत्रपतींकडे राज्यकारभार होता. दुष्काळापाठोपाठ प्लेग आला. वस्ती रिकामी करून लोकांना गावाबाहेर झोपड्यांत हलवणे आणि टोचून घेण्यास उत्तेजन देणे हे संस्थानाचे मुख्य उपाय होते. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली होती. तिच्या वाटेवरील ‘शिरोळ रोड’ स्थानकाजवळच पुढे शाहू महाराजांनी जयसिंगपूर वसवले. बाजारपेठा जोडणारा हा मार्ग धान्याची पोती नेई आणि पोत्यांबरोबर उंदीर व पिसवाही नेई. प्लेगच्या इतिहासात रेल्वेचा नकाशा आणि रोगाचा नकाशा वारंवार एकमेकांवर बसतात, त्याचे कारण हेच.

(८)
आता इतिहासकाराची अडचण. त्या काळच्या मृत्यूच्या नोंदी गावपातळीवर पाटील किंवा कुलकर्णी करीत; वैद्य किंवा डॉक्टर नव्हे. ब्रिटिश हिंदुस्थानातील मृत्युनोंदींत सर्वांत मोठा आकडा सहसा ‘ताप’ या एकाच रकान्यात दिसतो. त्या रकान्यात हिवताप आहे, विषमज्वर आहे, न्यूमोनिया आहे आणि लपवलेला प्लेगही आहे. उलट बाजूने, साथीच्या धास्तीत दुसऱ्याच आजाराने झालेला मृत्यू ‘प्लेग’ म्हणून नोंदला जाणेही शक्य होते. भारतात १८९६ नंतरच्या पाव शतकात प्लेगने एक कोटीहून अधिक बळी घेतले असे मानले जाते. पण हा आकडा अशाच नोंदींच्या पायावर उभा आहे.

(९)
निदानाचा हा प्रश्न केवळ जुन्या काळाचा नाही, हे १९९४ मध्ये महाराष्ट्राने अनुभवले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरच्या पावसाळ्यात, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर मरू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि पाठोपाठ गाठींचे रुग्ण आढळले. भारतात मानवी प्लेगची नोंद होऊन तेव्हा जवळपास तीन दशके लोटली होती. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो माणसे शहर सोडून पळाली. त्यांत खानदेशातील मराठी कामगारही होते. परदेशी विमानसेवा खंडित झाल्या, निर्यात अडली. या साथीत पन्नासहून अधिक मृत्यू नोंदले गेले.

(१०)
आणि मग वाद पेटला : हा प्लेग होता तरी का? काही तज्ज्ञांनी मेलिऑइडोसिसचे नाव घेतले, काहींनी लेप्टोस्पायरोसिसचे, काहींनी हंताविषाणूचे. रुग्णांना प्रतिजैविके तातडीने दिली गेली होती; त्यामुळे जीव वाचले, पण नमुन्यांतून जिवंत जंतू मिळवणे कठीण झाले. रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचण्यांवर आक्षेप घेतले गेले. १८९६ च्या मुंबईतील डॉक्टर आणि १९९४ चे शास्त्रज्ञ एकाच प्रश्नापुढे उभे होते. फरक एवढाच की आता त्यांच्या हाती जंतूची वंशावळ वाचण्याचे साधन होते.

(११)
हे साधन समजून घेण्यासाठी पुण्यातील भांडारकर संस्थेचे उदाहरण उपयोगी पडेल. १९१९ ते १९६६ या काळात तेथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. देशभरातून हस्तलिखिते गोळा झाली आणि पाठभेद शेजारी शेजारी मांडले गेले. एकाच ठिकाणी एकच चूक करणाऱ्या प्रती एका घराण्याच्या, हे त्यातील मूळ तत्त्व. जंतूंचा डीएनएही असाच ग्रंथ आहे. प्रत्येक पिढीत त्याची नक्कल होते आणि क्वचित एखादे अक्षर चुकते. ती चूक पुढच्या सर्व प्रतींत उतरते. चुका जुळवल्या की घराणे कळते.

(१२)
संपूर्ण ग्रंथ वाचण्याचीही दर वेळी गरज नसते. प्रत्येक जिवाणूत ‘१६एस’ नावाचे एक जनुक असते. लांबी सुमारे १,५०० अक्षरे. पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्राचा एक भाग त्यावरून घडतो, म्हणून ते कोणत्याही जिवाणूला टाकून देता येत नाही. त्याचे काही भाग सर्वांत जवळपास सारखे असतात, तर काही भाग जातीनुसार बदलतात. कार्ल वूझ यांनी १९७७ मध्ये याच रेणूच्या तुलनेतून सजीवांची नवी वंशावळ मांडली. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांनी पीसीआरची कल्पना मांडली आणि डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढणे शक्य झाले. माणसाच्या आतड्यातील, तोंडातील किंवा त्वचेवरील जंतू न वाढवता ओळखण्याची रीत याच दोन पायऱ्यांवर उभी आहे.

(१३)
प्लेगच्या बाबतीत मात्र एक पेच आहे. यर्सिनिया पेस्टिस हा ‘यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस’ या पोटाचा साधा विकार करणाऱ्या जंतूपासून उत्क्रांत झाला आणि दोघांचे १६एस जनुक जवळजवळ एकसारखे आहे. केवळ त्यावर विसंबले तर पोटदुखीचा जंतू आणि महामारीचा जंतू यांत गल्लत होऊ शकते. म्हणून आणखी एक पुरावा लागतो. प्लेगच्या जंतूत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची लहान वर्तुळे असतात. त्यांवरील ‘पीएलए’ हे जनुक जंतूला शरीरात पसरण्यास मदत करते आणि ते या जुळ्या भावंडात नसते. साथीच्या घरातील चेहरा आणि हातातील हत्यार, दोन्ही जुळले तरच ओळख पक्की.

(१४)
१९९४ च्या वादाचा निवाडा याच मार्गाने झाला. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये, तर हैदराबादच्या सीसीएमबीतील एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सीसीएमबीच्या अभ्यासात रुग्णांकडून आणि उंदीरवर्गीय प्राण्यांकडून मिळालेले जंतू १६एस जनुकाचा क्रम आणि डीएनएचा ‘बोटठसा’ अशा दोन्ही पद्धतींनी तपासले गेले. निष्कर्ष स्पष्ट होता : जंतू यर्सिनिया पेस्टिसच होता. साथ ओसरून तोवर सहा वर्षे झाली होती. सुरतेहून पळालेल्या माणसांना या उत्तराचा उपयोग नव्हता. इतिहासाला मात्र होता.

(१५)
जिवंत रुग्णाचे ठीक; पण शतकांपूर्वी मेलेल्यांचे काय? त्यांच्यासाठी साक्षीदार ठरतो तो दात. प्लेगचा जंतू रक्तात पसरला की दाताच्या आतील मज्जेतही पोचतो. मृत्यूनंतर टणक दाताच्या पेटीत तेथील डीएनए काही प्रमाणात जपला जातो. १९९८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी प्रोव्हान्समधील सोळाव्या आणि अठराव्या शतकातील थडग्यांतील दातांतून प्लेगचा डीएनए मिळाल्याचे जाहीर केले. इतरांनी त्यावर शंका घेतल्या. २०११ मध्ये लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड दफनभूमीतील, १३४८ ते १३५० या काळातील मृतांच्या अवशेषांवरून जंतूचा जवळपास संपूर्ण डीएनए वाचला गेला आणि ‘काळा मृत्यू’ म्हणजे प्लेगच, हा प्रश्न निकालात निघाला.

(१६)
जुना डीएनए अखंड मिळत नाही. पुरात भिजून चिंध्या झालेल्या दप्तरासारखी त्याची अवस्था असते. एकेक तुकडा जेमतेम काही डझन अक्षरांचा. त्यातही बहुतेक तुकडे मातीतील जंतूंचे. संशोधक प्लेगच्या डीएनएशी जुळणारे कृत्रिम ‘गळ’ टाकून नेमके हवे ते तुकडे बाहेर काढतात आणि एकमेकांवर येणाऱ्या कडा जुळवून मजकूर उभा करतात. जुन्या तुकड्यांच्या टोकांना काळाने केलेली विशिष्ट झीज असते. ही झीज दिसली तर डीएनए प्राचीन; नसेल तर प्रयोगशाळेतील आधुनिक भेसळीचा संशय. कागदाचा जुनेपणा ओळखणाऱ्या दप्तरदाराची नजर येथेही लागते.

(१७)
या तंत्राचा सर्वांत समाधानकारक उपयोग झाला किर्गिझस्तानात, इसिक-कुल सरोवराजवळ. तेथील जुन्या दफनभूमींत १३३८-३९ या दोनच वर्षांत थडग्यांची संख्या एकाएकी वाढलेली होती आणि काही थडग्यांच्या दगडांवर सीरियाक लिपीत ‘महामारीने मृत्यू’ असे कोरलेले होते. इतिहासकार फिलिप स्लाविन यांचे लक्ष त्या शिलालेखांकडे गेले. २०२२ मध्ये तेथील मृतांच्या दातांतून यर्सिनिया पेस्टिसचा डीएनए मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. तारीख दगडाने सांगितली, जंतूचे नाव दाताने सांगितले. कोठे खणायचे हे लेखामुळे कळले, हे येथे विसरता येत नाही.

(१८)
आता पुन्हा शिरोळ. तेथे असे करता येईल का? बहुसंख्य मृतांच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असेच आहे. चितेच्या आगीत डीएनए टिकत नाही आणि उरलेल्या अस्थी कृष्णेच्या पाण्यात जातात. दफनाची परंपरा मुस्लिम, ख्रिस्ती आणि लिंगायत समाजांत आहे. काही दलित व भटक्या समाजांत आहे. लहान मुलांच्या बाबतीत ती अधिक व्यापक आहे. म्हणजे उद्या दात तपासले गेलेच, तर पुरावा मिळेल तो समाजाच्या एका भागाचा. ज्यांचे दहन झाले ते त्या अभ्यासात अदृश्य राहतील. त्यावरून ‘रोग कोणाला झाला’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो अंत्यविधींचा इतिहास असेल, रोगाचा नव्हे.

(१९)
दुसरी अडचण हवामानाची. उष्ण, दमट आणि दर वर्षी पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीत डीएनए झपाट्याने नष्ट होतो. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखालील राखीगढीच्या संशोधनात ६१ नमुने तपासल्यावर केवळ एका स्त्रीच्या अवशेषांतून वाचण्याजोगा डीएनए मिळाला. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरी अडचण नैतिक आहे. शिरोळ परिसरातील दफनभूमी ही पुरातत्त्वीय टेकडी नाही. तेथे आजच्या माणसांचे पणजोबा-पणजी विसावले आहेत. कुतूहल हा त्यांची शांतता मोडण्याचा परवाना ठरू शकत नाही. वंशजांची संमती आणि अभ्यासाचे ठोस प्रयोजन दोन्ही हवे.

(२०)
याहून जुन्या साथींच्या बाबतीत दाताची साक्ष अधिक मोलाची ठरेल. १६८८ मध्ये विजापुरात औरंगजेबाच्या छावणीत मोठी महामारी पसरली आणि त्याची बेगम औरंगाबादी महल तीत मरण पावली. मुघल साधनांत काखेत व जांघेत येणाऱ्या गाठींचे वर्णन आहे, म्हणून इतिहासकार तिला प्लेग म्हणतात. तेव्हा जंतूशास्त्र नव्हते, सूक्ष्मदर्शकाची नोंद नाही. तेथे वर्णन हाच एकमेव आधार आहे आणि दफनामुळे पडताळणीची निदान शक्यता तरी शिल्लक आहे. शिरोळच्या १८९० च्या दशकाबाबत मात्र मुंबईच्या प्रयोगशाळेत पाहिलेला जंतू, रेल्वेची वाट, उंदीर पडल्याच्या खुणा आणि सरकारी कागद हे सर्व एकाच दिशेला बोट दाखवतात. दाताशिवायही तेथील निदान बरेच भक्कम आहे.

(२१)
म्हणून डीएनएकडून काय मागावे, हे आधी ठरवले पाहिजे. तो जंतूचे नाव सांगतो, त्याचे घराणे सांगतो. २०१० मध्ये निरनिराळ्या देशांतील जंतूंच्या तुलनेतून प्लेगचे मूळ चीनच्या परिसरात असल्याचे आणि एकोणिसाव्या शतकातील साथीची शाखा तेथूनच जगभर पसरल्याचे दिसून आले. पण कोणते घर आधी रिकामे करवले गेले, टोचून घेण्यास कोण तयार झाले, माळावर कोणाची झोपडी कोठे पडली, मागे राहिलेल्या पिकाची आणि पोरक्या मुलांची व्यवस्था कोणी लावली, हे कोणत्याही जनुकात लिहिलेले नसते. शिवाय दातात जंतू न सापडणे हा प्लेग नसल्याचा पुरावाही होत नाही.

(२२)
ते सारे दप्तरात असते. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकालीन कागद आहेत आणि शिवाजी विद्यापीठाने राजर्षी शाहूंच्या कागदपत्रांचे खंड प्रकाशित केले आहेत. पण गावपातळीवरचे पुष्कळ कागद आजही जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, मोडी लिपीत, रुमालात बांधून पडलेले आहेत. शिरोळ तालुक्याने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे महापूर पाहिले. दातातील डीएनए पाण्याने जातो, तसाच कागदही जातो.

(२३)
मृतांपैकी बहुतेकांची राख कृष्णेत गेली. त्यांच्याविषयी बोलू शकेल असा साक्षीदार कागद हाच आहे. ज्यांच्या घरी असे रुमाल असतील त्यांनी ते उन्हात न वाळवता सावलीत, कोरड्या जागी ठेवावेत, पाने एकेक करून छायाचित्रित करावीत आणि पुराभिलेखागाराला किंवा मोडी जाणणाऱ्या अभ्यासकाला दाखवावेत. मोडी शिकण्याचे वर्ग अनेक ठिकाणी चालतात. पुढच्या पावसाळ्यापूर्वी शिरोळचा एखादा जरी रुमाल सोडून वाचला गेला, तरी ‘ताप’ या रकान्यात लपलेल्या काही माणसांना त्यांचे नाव परत मिळेल.